निनवेचा उपास आणि बुधवारचा सामना

बखदीदा, ९ डिसेंबर

प्रिय नजू,

तुझं पत्र पोचलं. पत्र म्हणायचं म्हणून म्हणते. फोनच्या पडद्यावर चार ओळी, त्यात दोन फुलं आणि एक हसणारं तोंड. मोसुलच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लोतिल्दनी बोटांवर पट्टी मारमारून तुझं अक्षर वळवलं ते यासाठी नव्हे. मी हातानेच लिहिणार. शेजारची नारदीन कागदाचा फोटो काढून तुला पाठवते, तेवढी सवलत मी या शतकाला दिली आहे. फोन मात्र करू नकोस. फोनवर तू रडतेस, आणि मग खरी बातमी राहूनच जाते.

तर खरी बातमी. तुझा अफ्राम येऊन गेला, आपल्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक म्हणून. आल्या आल्या सगळ्यांशी स्वीडिश पद्धतीने हात मिळवत फिरला, शमुनीच्या आईशीसुद्धा, तिला वाटलं डॉक्टर आला. मग हरिसाची तिसरी थाळी मागितली आणि पुन्हा आपला झाला. पोट तुझ्या नवऱ्याचं घेतलं आहे त्याने. चेहरा देवाच्या कृपेने तुझा.

फेब्रुवारीतली स्पर्धा एर्बिलला होणार हे नक्की झालं. ज्यांना देश नाही, किंवा आहे पण जग मानत नाही, अशा लोकांचे संघ येणार. आजवर आपल्या नावाने जे अकराजण खेळले ते सगळे स्वीडन-जर्मनीतून विमानाने गेलेले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, आपलीच मुलं आहेत, फक्त आपली भाषा गरम बटाटा तोंडात धरल्यासारखी बोलतात. पण स्पर्धाच आपल्या दाराशी आली म्हटल्यावर अफ्राम म्हणाला, अर्धा संघ इथला हवा. ते पाचजण त्याने बखदीदातूनच निवडले. गोलरक्षक म्हणून शमुनीचा मत्ती. दिवसभर बेकरीच्या भट्टीसमोर उभा असतो, अंगावर येणाऱ्या कशालाच भीत नाही.

मैदान तू पाहिलं नाहीस. काळ्या झेंड्यांचे ते लोक इथे होते त्या दोन वर्षांत गोलाचे खांबसुद्धा गेले. आम्ही परत आलो तेव्हा पोरांनी जळालेल्या शाळेच्या छताचे पाइप आणून खांब उभे केले. एक बाजू थोडी कलली आहे. अफ्रामने ती बघितली आणि नुसता हात फिरवला. तेव्हा मला तो आवडला.

पोरांच्या आयांना मात्र मला पटवावं लागलं. त्यांचं म्हणणं एकच, कशाला चारचौघांत यायचं, कशाला नाव छापून आणायचं. मी म्हटलं, तीस वर्षं मी सरकारी शाळेत भूगोल शिकवला, रोज भिंतीवर नकाशा टांगला आणि त्यात आपलं नाव कुठेही नव्हतं. आता कुणीतरी एका फळ्यावर लिहितंय तर लिहू द्या.

अर्थात काय लिहायचं यावर समितीत मारामारी आहे. आशुरी, खाल्दी की सुरयानी, लोक एकच आणि नावं तीन. एकाला एक नाव चालतं तेव्हा बाकी दोघे उठून जातात. शेवटी शर्टावर नावच नको असं ठरलं. छातीवर एक तारा आणि पाठीवर आकडा. आकड्यावर अजून तरी कुणाचा आक्षेप नाही.

उद्या मार बेहनामचा सण. मी तुझ्या नावाने मेणबत्ती लावीन. तू फेब्रुवारीत ये. माझ्या शेजारी बस. मला खेळातलं काही कळत नाही, तुला तर त्याहून कळत नाही, म्हणजे बोलायला मोकळं.

तुझी,
मस्किन्ता

*

सॉदरतेलिए, २ जानेवारी

प्रिय मस्की,

घे, हाताने लिहिलं. बोटं अवघडली. बर्फ गुडघाभर आहे आणि माझ्या गुडघ्याची अवस्था तुला माहीत आहेच.

अफ्राम परत आला तो तुझ्याच गोष्टी सांगत. म्हणाला, मावशींनी मला विचारलं, चेंडू पायाने मारायचा खेळ आहे तर गोलरक्षक हात का लावतो, आणि माझं उत्तर त्यांना पटलं नाही.

मागच्या आठवड्यात त्याची बैठक आमच्या स्वयंपाकघरातून झाली. टेबलावर कॉम्प्युटर, त्यात चौकटी-चौकटींतून सगळ्या संघांचे प्रशिक्षक. आयोजकांचा एक भला माणूस सगळ्यांना पाळीपाळीने विचारत होता, वर्षातले कोणते दिवस तुम्ही खेळू शकत नाही ते सांगा, म्हणजे वेळापत्रक त्याप्रमाणे करू, आत्ताचं आणि पुढचंही. किती गंमत, मस्की. उत्तरेकडच्या सामी लोकांनी सांगितलं, रेनडिअरची पिल्लं जन्मतात ते आठवडे आम्हाला कुणी हलवू शकत नाही. वाळवंटातल्या सहरावींच्या प्रशिक्षकाने रमजानचा महिना सांगितला, आणि वर छावणीतल्या लग्नांचा हंगाम, कारण अर्धा संघ नवरदेव असतो. झांझिबारच्या माणसाने शुक्रवारची दुपार मागितली. एकाने आजीचं वर्षश्राद्ध सांगितलं, सगळे हसले, पण त्या भल्या माणसाने तेही टिपून घेतलं. अफ्रामची पाळी आली तेव्हा माझा चहा उतू जात होता, त्यामुळे पुढचं नीट ऐकलं नाही.

यायचं मात्र जमेलसं वाटत नाही. गुडघा. रागावू नकोस. इथे कॉम्प्युटरवर सामना दाखवणार आहेत, मी तुला शोधीन. काळा कोट घालून सगळ्यांवर खेकसणारी बाई दिसली की तूच.

तुझी,
नजीबा

*

बखदीदा, १४ जानेवारी

नजीबा,

नजू म्हणायची आज इच्छा नाही.

वेळापत्रक आलं. आपला पहिला सामना सहरावींशी, बुधवारी १३ फेब्रुवारीला दुपारी तीन वाजता. तुझ्याकडे कॅलेंडर आहे ना, की स्वीडनमध्ये त्यावर फक्त बर्फाची चित्रं असतात? सोमवारी ११ला निनवेचा उपास सुरू होतो. सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवस अन्न नाही, पाणी नाही, बुधवारी संध्याकाळी देवळातल्या मिस्सेपर्यंत. योना संदेष्ट्याने निनवे शहराला नाशाचा इशारा दिला आणि राजापासून गुरांपर्यंत सगळ्यांनी तोंड बंद केलं, म्हणून शहर वाचलं. ते शहर इथून नदीपर्यंत गेलं की दिसतं. जगातले बाकीचे लोक ही गोष्ट पुस्तकात वाचतात. आपण ती दरवर्षी पोटात धरतो. आणि त्याच बुधवारी, तिसऱ्या दिवशी, तीन वाजता, आपली पोरं नव्वद मिनिटं धावणार.

मी अफ्रामला फोन केला. होय, मी. म्हटलं, अरे, त्या माणसाने विचारलं होतं ना कोणते दिवस नकोत? तर म्हणाला, "हो मावशी. मी सांगितलं, आमचं काही नाही." मी म्हटलं, काही नाही म्हणजे? म्हणाला, "चूक झाली. आता बदलत नाही." इतकंच. पुढे कितीही टोचलं तरी तोंड उघडेना.

रेनडिअरच्या पिल्लांना दिवस आहेत. कुणाच्या आजीला दिवस आहे. आपल्याला काही नाही.

पोरांचं ऐक. मत्ती आणि बाकीचे चौघे माझ्या ओट्यावर आले. २०१४च्या ऑगस्टमध्ये हे गाव सोडून पायी निघाले तेव्हा ती शाळकरी पोरं होती. एर्बिलच्या अंकावात पत्र्याच्या खोल्यांत तीन वर्षं काढली. परत आल्यावर ज्या पहिल्या निनवेच्या उपासाला जळक्या देवळात उभे राहिले, तेव्हापासून पाचही जण कोरडा उपास करतात, घोटभरसुद्धा पाणी नाही. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मत्ती म्हणाला, "बाई, खेळायला आम्ही तयार आहोत. उपास सोडायला तयार नाही." मी म्हटलं, तीन दिवस कोरडा राहून धावलास तर मधेच पडशील. म्हणाला, "मग पडल्यावर उचला."

हे मी अफ्रामला सांगितलं. तर तुझा मुलगा म्हणतो, पाणी न प्यालेला खेळाडू मी मैदानात उतरवणार नाही, पडला तर मी त्याच्या आईला काय सांगू. मग सरळ अकरा स्वीडनवाले खेळतील, म्हणाला.

म्हणजे बघ. आपल्याच जमिनीवर, पहिल्यांदा, जगासमोर, आपल्या नावाने अकराजण उतरणार आणि त्यातला एकही इथे राहणारा नसणार. इथले पाच बाकावर बसणार, कारण ते इथले आहेत म्हणून. ज्या आयांना मी पटवलं त्या आता रस्त्यात मला बघून पलीकडे जातात. शमुनी तर म्हणाली, "बाई, आम्ही म्हटलं होतं, चारचौघांत जायला नको."

तुझ्या मुलाला उपास आठवत नाही यात त्याची काय चूक. दोष त्याला वाढवणाऱ्यांचा. काही नाही म्हणे.

मस्किन्ता

*

सॉदरतेलिए, १९ जानेवारी

मस्की,

त्याला बोलू नकोस. त्याला आठवत होतं.

चहा उतू गेला नव्हता. मी त्याच्या पाठीमागे किटली घेऊन उभी होते. त्या माणसाने विचारलं तेव्हा अफ्रामने वळून माझ्याकडे बघितलं. बोट वर करून हळूच म्हणाला, "आई, निनवे?" आणि मी मान हलवली. नाही म्हणून. डोळेसुद्धा मोठे केले, लहानपणी पाहुण्यांसमोर करायचे तसे. तो पुन्हा पडद्याकडे वळला आणि म्हणाला, आमचं काही नाही.

का केलं ते तुला सांगायला नको, तू आमच्या घरी वाढलेली. बाबा मोसुलच्या रेल्वे स्टेशनवर नोकरीला होते. एका वर्षी त्यांनी साहेबाकडे निनवेच्या उपासाची तीन दिवसांची सुट्टी मागितली. नम्रपणे, लेखी. सुट्टी मिळाली, आणि पुढच्या महिन्यात बदली मिळाली, समावाला, वाळवंटात. आई आणि आम्ही सगळे मोसुललाच. ते परत आले ते आजारी होऊनच. त्यानंतर आमच्या घरात कुणी कुणाकडे काही मागितलं नाही. दुकानदाराने मोड कमी दिली तरी आई म्हणायची, असू दे. परीक्षा उपासात आली तर कोरड्या घशाने देत होतो, तूही देत होतीस.

मी इथे तीस वर्षं आहे. इथे कुणाची समावाला बदली होत नाही हे मला कळतं. पण मान आपोआप हलली, मस्की. मला हलवावी लागली नाही.

अफ्राम माझं नाव कुणालाही सांगणार नाही. तूही सांगू नकोस. आणि आता जे झालं ते झालं. देवळातल्या अबूना बुत्रोसना विचार, ते पोरांना सूट देतील. दोन घोट पाण्याने देव रागावत नाही.

नजीबा

*

बखदीदा, २३ जानेवारी

नजू,

देव रागावत नसेल. मी रागावते. ते खातं माझ्याकडे आहे.

तुझ्यावर रागवायला बसले होते. पेन उचललं आणि तुझे बाबाच डोळ्यासमोर आले, स्टेशनच्या टोपीत, आपल्याला दोघींना रेल्वेचं जुनं तिकीट खेळायला देणारे. त्यांच्यावर कसं रागवायचं? मग राग कुठे ठेवू ते कळेना म्हणून अबूनांकडे गेले.

अबूनांनी सूट लगेच दिली. मी वाक्य पुरं करायच्या आत दिली. म्हटलं, अबूना, आधी आयोजकांना वेळ बदलायला सांगून बघूया का? तर म्हणाले, "बाई, ते पाहुणे लोक. आपण यजमान. उगाच आपल्यासाठी कुणाला त्रास कशाला." धर्मगुरू आहेत, साठीचे आहेत, आणि घंटा बडवायला घाबरत नाहीत. पण मागायचं म्हटलं की त्यांचीही मान हलली. अगदी तुझ्यासारखी. मी बघितलं.

सूट घेऊन मी बेकरीत गेले. मत्ती कणीक मळत होता. ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाला, "बाई, अंकावात आम्हाला सगळ्यांनी सूट दिली. शाळेत नापास झालो तरी सूट, भाडं नाही दिलं तरी सूट, मोठ्याने बोललो तरी सूट, बिचारे घर सोडून आलेत म्हणून. आता मला आणखी सूट नको. सामना द्या नाहीतर देऊ नका."

मी तिथून निघाले ती घरी गेलेच नाही. टॅक्सीवाल्या हिकमतला सांगितलं, सोमवारी सकाळी एर्बिल. तो म्हणाला, "कशाला, दवाखाना?" मी म्हटलं, भांडायला. म्हणाला, "मग परतीचंही आत्ताच ठरवू, तुमचं लवकर आटपेल."

मी मागणार आहे, नजू. सत्तरीला आले, आयुष्यभर शिकवलं, दटावलं, पट्टी मारली, पण मागितलं मी काही नाही. कसं मागतात तेही धड माहीत नाही. तुझं नाव घेणार नाही, निर्धास्त राहा. फक्त अफ्रामला सांग, सोमवारी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवतील तेव्हा बसायचं, आणि मागे किटली घेऊन कुणी उभं राहायचं नाही.

मस्की

*

बखदीदा, ३० जानेवारी

नजू,

वाचायच्या आधी बस. बसलीस?

आयोजकांनी हॉटेलच्या तळमजल्यावर एक खोली घेतली आहे. तो तुझा भला माणूस खराच भला निघाला, नाकावर चष्मा, टेबलावर अर्धं खाल्लेलं सँडविच. मी भांडायची सगळी तयारी करून गेले होते. फ्रेंचमध्ये, सिस्टर क्लोतिल्दच्या फ्रेंचमध्ये, म्हणजे त्यात माफी मागितली तरी समोरच्याला शिक्षा झाल्यासारखं वाटतं. निनवेपासून सुरुवात केली. राजा, गोणपाट, राख, गुरं, सगळं सांगितलं. मग २०१४. मग पाइपांचे खांब. तो ऐकत राहिला. मी थांबले तेव्हा म्हणाला, "म्हणजे तुम्हाला तीनऐवजी सातचा सामना हवा आहे?"

मी म्हटलं, हो.

म्हणाला, "सातला सामी आणि झांझिबार आहेत. त्यांनी आणि सहरावींनी हो म्हटलं तर माझी हरकत नाही. त्यांनाच विचारू." आणि तिथल्या तिथे चौकटी उघडल्या. तुझा अफ्राम पण आला, केस विंचरून, शाळेत बोलावल्यासारखा.

मी आधी सामींच्या माणसाला विचारलं. लाल गाल, दाढी बर्फ लागल्यासारखी पांढरी. आयोजकाने भाषांतर केलं. तो जे म्हणाला ते तुला जसंच्या तसं लिहिते. "बरं झालं विचारलंत. त्या दिवशी तुमच्या माणसाने काही नाही म्हटलं, तेव्हा मी घरी बायकोला सांगितलं, एक असे लोक भेटले ज्यांना वर्षात एकही सण नाही. आम्हाला दोघांना फार वाईट वाटलं."

वाईट वाटलं, नजू. त्या बर्फातल्या माणसाला आपली कीव आली. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला वाटलं मी आभार मानते आहे. मी त्याला ठणकावून सांगितलं, आम्हाला इतके सण आहेत की तुमची रेनडिअरं मोजून दमतील. हे भाषांतर झाल्यावर तो खूप हसला. सामना तीनला खेळायला तयार आहे. उजेडात खेळणं त्यांच्या पोरांना बरंच, म्हणाला, हिवाळ्यात ते तसंही ऊन शोधत असतात.

झांझिबारच्या माणसाने एकच विचारलं, बुधवारच ना, शुक्रवार नाही ना? नाही म्हटल्यावर मान डोलावली.

राहिले सहरावी. त्यांचा प्रशिक्षक वाळूच्या रंगाचं पागोटं बांधून बसला होता, मागे तंबूचं कापड वाऱ्याने फडफडत होतं. त्याला सगळं सांगायला लागलंच नाही. उपास एवढा शब्द ऐकला आणि म्हणाला, "हाज्जा, तुम्ही आधी सांगायचं नाही का? रोजेदाराशी दुपारी खेळून जिंकलो तर घरी माझी आई मला जेवायला वाढणार नाही."

हाज्जा म्हणाला मला. मी काही हजला गेलेली नाही, पण दुरुस्त केलं नाही. मानाने म्हणाला होता.

झालं, नजू. संपलं. मी जेवढा वेळ भांडायची तयारी केली त्याच्या कितीतरी कमी वेळात संपलं. बाहेर आले तर हिकमत नुकताच चहा मागवत होता. म्हणाला, "हाकललं?" मी म्हटलं, नाही, दिलं. तर म्हणाला, "मग तोंड असं का?" खरंच, तोंड कसं करायचं ते मला कळत नव्हतं. बरोबर नेलेला राग तसाच हातात राहिला होता, बाजारात नेऊन न विकलेल्या कोंबडीसारखा. तो मी परतीच्या वाटेवर हिकमतवर थोडा थोडा काढला.

अफ्रामने शेवटी काय केलं सांगते. सगळ्या चौकटी बंद व्हायच्या आधी म्हणाला, "थांबा. त्या दिवशी मी सांगायला चुकलो. आमचा निनवेचा उपास असतो. मला माहीत होता." बस, एवढंच. तुझं नाव नाही, कारण नाही. चांगला वाढवला आहेस. वाढवणाऱ्यांना दोष दिला होता ते वाक्य खोड.

तुझी,
मस्किन्ता

*

सॉदरतेलिए, ५ फेब्रुवारी

मस्की,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग फोनजवळ बसून राहिले.

तुला एक सांगितलं नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, म्हणून येत नव्हते. तारीख कळव, कळव म्हणून अफ्राम मागे लागायचा आणि मी त्यालाही टाळत होते. तारीख होती १२ फेब्रुवारी. उपासाचा मंगळवार. दवाखान्याने पाठवली, मी घेतली. विचार केला होता, तिथे पडल्या पडल्या जे देतील ते खाईन आणि कुणाला बोलणार नाही.

काल फोन केला. आधी वाक्य कागदावर लिहून घेतलं, स्वीडिशमध्ये, मग तेच वाचलं. माझा त्या आठवड्यात धार्मिक उपास आहे, तारीख बदलून मिळेल का. पलीकडे एक तरुण नर्स होती. टकटक आवाज आला काहीतरी दाबल्याचा. म्हणाली, "उद्या एक जागा रिकामी झाली आहे, नाहीतर मार्चमध्ये. चालेल?" मी म्हटलं, उद्या. म्हणाली, "ठीक. आणखी काही?"

आणखी काही, असं विचारलं मला.

हे दवाखान्यातूनच लिहिते आहे. थोड्या वेळाने आत नेतील. विमानाने यायला डॉक्टर परवानगी देणार नाहीत, पण सोमवारपर्यंत घरी असेन, पाय उशीवर, तोंड बंद. औषधापुरतं पाणी घ्यायलाच हवं असं डॉक्टर म्हणाले, तेवढी सूट मी घेते. बाबांना सांगावंसं वाटतं, पण कुणाकडे सांगू.

कॅमेऱ्यात दिसणार नाही ते तू लिही.

नजू

*

बखदीदा, १७ फेब्रुवारी

प्रिय नजू,

पाय कसा आहे? उत्तर देऊ नकोस, अफ्रामने सांगितलं. सामना तू बघितलास, तेव्हा दोन-दोन कसे झाले ते मी लिहिणार नाही. दुसऱ्या गोलाबद्दल मत्तीशी मी बोलले आहे. खांबाला टेकून क्रूसाची खूण करायला देवाने इतर वेळ दिलेला आहे, चेंडू येत असताना नव्हे.

कॅमेऱ्यात न दिसलेलं लिहिते.

बखदीदातून तीन बसगाड्या गेल्या. त्या पलीकडे जाणाऱ्या आया सगळ्यात पुढे बसल्या होत्या, भरतकामाच्या ठेवणीतल्या शाली घालून, जणू मीच त्यांना अडवून ठेवलं होतं. पाचला मैदानाच्या बाजूला, सरावाच्या गवतावर, अबूना बुत्रोसनी मिस्सा केली. टेबल म्हणून मसाज करायचं टेबल, त्यावर शमुनीची चादर. पाच पोरं पुढे उभी, ओठ पांढरे. आणि त्यांच्या बाजूला तुझे स्वीडनवाले. मला वाटलं बघायला आले आहेत. नंतर कळलं, त्यांच्यातल्या तिघांनी मंगळवारपासून काही खाल्लं नव्हतं. अफ्रामने त्यांना रात्रीचं जेवण वाढलं तेव्हा त्यातला एक त्या बटाट्याच्या उच्चारात म्हणाला, "ते पाचजण खात नाहीत तर आम्ही कसं खाऊ, लाज वाटते." अफ्राम त्यांच्यावर ओरडला, प्रशिक्षक म्हणून. मग त्यांच्या थाळ्या स्वतःच उचलल्या.

मिस्सा चालू असताना सहरावींचा संघ सरावाला आला. आम्हाला बघून कुंपणापाशी थांबले. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली होती. नजू, एकानेही झाकण उघडलं नाही. अबूनांनी शेवटचा आशीर्वाद दिला, शमुनीने डब्यातून पोखीन काढलं, ते आपलं भाजलेल्या धान्याचं सातूसारखं पीठ, त्यात द्राक्षाची काकवी, आणि मत्तीने पहिला घोट पाणी घेतला. तेव्हा कुंपणाकडून बाटल्या उघडल्याचा आवाज आला, एकदम सगळ्या. मग त्यांचा पागोटेवाला आला, खजुरांची पिशवी पुढे केली आणि मला म्हणाला, "हाज्जा, तुमच्या पोरांना सांगा, आता दया नाही." मी म्हटलं, मागितली कुणी?

आपली पोरं मैदानात गेली तेव्हा मी मोजलं नाही कुठून कोण आलं होतं. तूही मोजलं नसशील. शर्टावर नाव नव्हतं ते बरंच झालं. लाउडस्पीकरवाल्याने गोंधळून नुसतं म्हटलं, "आणि हे इथलेच." तीन बसगाड्या उभ्या राहिल्या. शमुनी, जिला चारचौघांत यायला नको होतं, ती खुर्चीवर चढली होती. मी तिला खाली उतर म्हटलं नाही. शिस्त मोडली ती माझ्या देखत.

आता शेवटचं, आणि हे तुझ्यासाठी.

सामन्यानंतर तो चष्मेवाला भला माणूस आला. पुढच्या वेळची आखणी आत्ताच करायची होती. अफ्रामला म्हणाला, तर मग तुमचे दिवस सांगा. अफ्रामने वळून बघितलं, सवयीने, पाठीमागे. तिथे तू नव्हतीस, मी होते. मी मान हलवली. होय म्हणून. तर तो शहाणा म्हणतो, "मावशी, तुम्हीच सांगा, माझा एखादा राहील."

मग मी सांगायला सुरुवात केली. निनवेचा उपास, तीन दिवस. मोठा उपास, पन्नास दिवस, त्यात दुपारचे सामने नकोत. झावळ्यांचा रविवार, तेव्हा सगळं गाव रस्त्यावर असतं, गोलरक्षक सापडणार नाही. दुःखाचा आठवडा पूर्ण. पुनरुत्थानाचा सण आणि त्यानंतरचे दोन दिवस, कारण पहिल्या दिवशी जेवल्यावर कुणी धावू शकत नाही. तो लिहीत होता. मान वर न करता लिहीत होता. मग पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "संपलं?"

मी म्हटलं, बसा. आत्ताशी एप्रिल झाला आहे.

तुझी,
मस्किन्ता